औषध उलटले की जंतू मेले?

मी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी गेले होते, त्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. आमचे गाव खानापूर तालुक्यात. आजीला उन्हाळी लागली. सत्तरी ओलांडलेली बाई. चार दिवस धणे-जिऱ्याचे पाणी पिऊन तिने ते दुखणे अंगावर काढले. पाचव्या दिवशी तिला हुडहुडी भरली, पाठीत कळा येऊ लागल्या आणि ती मधूनच काहीबाही बरळू लागली. काकांनी गाडी ठरवली आणि आम्ही तिला बेळगावच्या एका दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "लघवीतले जंतू मूत्रपिंडात चढलेत, तिथून रक्तात गेलेत. ॲडमिट करा." संध्याकाळी सातच्या सुमारास सलाइनमधून पहिले इंजेक्शन दिले गेले.

नऊ वाजता आजीला अशी हुडहुडी भरली की खाटेचे लोखंड वाजू लागले. ताप चढला, रक्तदाब उतरला, हातपाय गार पडले. नर्सबाई धावत आल्या, सलाइनची धार वाढवली, डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हांला म्हणाल्या, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. पण थांबायचे का आणि किती, हे कुणी सांगितले नाही. काका संतापले. "सुई टोचस्तवर बोलत होती की रे आई! सुई उलटली हिला. चला, इथं ठेवायचं नाही." कागदावर सही झाली, सलाइन काढले गेले आणि रात्री अकरा वाजता आम्ही तिला ओळखीच्या एका दुसऱ्या ठिकाणी हलवले. तिथले मोठे डॉक्टर सकाळी आले. औषधाचा पुढचा डोस मिळेपर्यंत दुपार झाली होती. तिसऱ्या दिवशी आजी गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य कायमचे राहिले: "त्या सुईनं घात केला." श्राद्धाला जमलेल्या नातेवाइकांना काका हेच सांगत. मीही ते खरे मानत होते. पुढे बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेतला आणि ग्रंथालयात एक प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून बसून राहिले. काकांनी डोळ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. या दोहोंमधली दरी भरण्याचे काम कुणाचे होते, हा माझ्या या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या मनात औषधाचे चित्र अगदी सोपे असते. जंतू हा शत्रू, औषध ही बंदूक. शत्रू मेला की लढाई संपली. प्रत्यक्षात काही जंतूंचे प्रेतही विषारी असते. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याबरोबर काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांच्या लक्षात हे प्रथम आले. १८९२ च्या सुमारास त्यांनी पटकीचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले असूनही प्राणी दगावले. तेव्हा फायफर यांनी असे मांडले की, काही जंतू आपले विष बाहेर टाकतात, पण काहींचे विष त्यांच्या देहातच बांधलेले असते आणि देह फुटल्यावर ते मोकळे होते. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी एंडोटॉक्सिन हे नाव दिले. आपण त्याला अंतर्विष म्हणू. (गंमत अशी की, पटकीत जे जुलाब होतात ते जंतूने बाहेर टाकलेल्या विषामुळे, हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. म्हणजे एकाच जंतूपाशी दोन्ही प्रकारची विषे निघाली!)

हे अंतर्विष आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवलेले आहे. पूर्वी जत्रेला जाण्याआधी पटकीची लस टोचत, शाळेत विषमज्वराची टोचत. दंड सुजून येई, रात्री ताप भरे. त्या लशीत एकही जिवंत जंतू नसे. मेलेल्या जंतूंच्या कवचातील अंतर्विषाचा त्या तापात मोठा वाटा असे.

ज्या जंतूंना आपण प्रयोगशाळेत ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतो, त्यांच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. त्यातील लिपिड-ए हा भाग म्हणजे अंतर्विषाचे मर्म. विषमज्वराचा जंतू याच गटातला, आणि लघवीच्या विकारात बहुधा सापडणारा ई. कोलायही याच गटातला. गमतीची गोष्ट अशी की, हा पदार्थ साप-विंचवाच्या विषासारखा स्वतः फारसे काही जाळीत-पोळीत नाही. आपल्या पेशींवर त्याला ओळखणारी एक कडी असते, तिला टीएलआर-४ म्हणतात. ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये ती शोधली आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. ही कडी वाजली की शरीर समजते, दरोडा पडला. मग टीएनएफसारखी रसायने रक्तात सुटतात, ताप चढतो, हुडहुडी भरते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो. गावात चोर शिरला म्हणून कुणी गंजीला आग लावावी, तसा हा प्रकार. चोर एक, नुकसान साऱ्या गावाचे.

आता प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले की काय होते, हे उघड आहे. रक्तात शिरलेले असंख्य जंतू थोड्या वेळात फुटतात आणि त्यांच्या कवचातील अंतर्विष एकदम मोकळे होते. औषध आपले काम चोख करीत असते, आणि नेमक्या त्याच वेळी रोगी काही तास अधिक बिघडू शकतो.

ही कल्पना आजची नव्हे. आडोल्फ यारिश यांनी १८९५ मध्ये आणि कार्ल हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये उपदंशाच्या रोग्यांविषयी लिहून ठेवले आहे की, पाऱ्याचे औषध सुरू करताच अंगावरचे चट्टे आधी अधिक भडकतात. पुढे पेनिसिलिन आल्यावर हेच अधिक ठळकपणे दिसले. काही तासांत थंडी-ताप, डोकेदुखी; आणि बहुधा चोवीस तासांत सारे शांत. तिथे जंतू निराळा आणि त्याच्या कवचातील द्रव्येही निराळी, पण तत्त्व तेच. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण १९४८ मध्ये मलायात दिसून आला. त्यानंतरच्या वर्षांत डॉक्टरांना असे आढळले की, पहिलाच डोस फार मोठा दिला तर काही रोगी एकाएकी कोसळतात. जाकार्ता येथे तीव्र विषमज्वराच्या रोग्यांवर झालेला एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना क्लोरॅम्फेनिकॉल दिले होते. त्यांपैकी ज्यांना डेक्सामेथासोन हे शरीराचा भडका शमवणारे स्टेरॉइडही दिले, त्या २० जणांपैकी २ दगावले. ज्यांना दिले नाही, त्या १८ जणांपैकी १०. आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत. जंतू मारणारे औषध दोन्हीकडे एकच होते. फरक पडला तो शरीराने मांडलेला आकांत आवरल्यामुळे.

मेंदूज्वराचीही अशीच हकीकत आहे. २००२ मध्ये युरोपातील ३०१ प्रौढ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाच्या थोडे आधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा १५ वरून ७ वर आले. जंतू फुटण्याआधीच शरीराला शांत करून ठेवायचे, हा त्यामागचा विचार. मात्र मलावीत असाच प्रयोग झाला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. म्हणून कुणी असे समजू नये की, स्टेरॉइडची गोळी हा सगळ्यावरचा तोडगा आहे. कुठल्या रोगात, कुणाला, केव्हा, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेण्याची ती वस्तू नव्हे.

मग थेट अंतर्विषालाच बांधून टाकणारे औषध का काढीत नाहीत? तेही करून पाहिले आहे. एचए-१ए नावाच्या प्रतिपिंडाचा १९९१ साली मोठा गाजावाजा झाला, युरोपात ते विकायलाही आले. पुढच्या चाचणीत रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू नसलेल्या रोग्यांत मृत्यू अधिक दिसू लागले आणि १९९३ मध्ये ते मागे घ्यावे लागले. पुढे एरिटोरान नावाच्या औषधाने अंतर्विषाची ती कडीच अडवून पाहिली, तरीही जंतुदोषाच्या गंभीर रोग्यांत मृत्यू कमी झाले नाहीत. प्रयोगशाळेत असेही दिसले आहे की, सारीच प्रतिजैविके सारखेच अंतर्विष सोडत नाहीत. सेफ्टाझिडिमसारखे औषध जंतूला आधी लांबलचक दोऱ्यासारखा वाढू देते आणि मग फोडते, म्हणून अंतर्विष जास्त. इमिपेनेमने जंतू गोल होऊन लवकर फुटतो, म्हणून कमी. पण रोग्याच्या खाटेपाशी हा फरक इतका स्पष्ट उतरलेला नाही की त्यावरून औषध बदलावे. प्रत्यक्ष रोग्यात या सुटलेल्या अंतर्विषाने किती बिघाड होतो, यावर जाणत्यांत आजही वाद आहे.

वाद नाही तो एका बाबतीत. औषध थांबवणे किंवा पुढे ढकलणे हा यावरचा उपाय नव्हे. रक्तदाब कोसळलेल्या २७३१ रोग्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तदाब उतरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकाला जितके तास उशीर झाला, त्यातील प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी शेकडा ७.६ ने घटली. मी हा आकडा वाचला आणि बोटांवर तास मोजू लागले. आजीला पहिले इंजेक्शन वेळेवर मिळाले होते हे खरे. पण सलाइन सुटले, रात्र रस्त्यात आणि रिकाम्या खाटेवर गेली, पुढचा डोस लांबला. ज्या तासांत तिला सलाइनची, प्राणवायूची आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्या तासांत आम्ही तिला गाडीत घातले होते.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली अशी की, त्या रात्री नऊ वाजता आजीला जे झाले ते सुटलेल्या अंतर्विषामुळेच झाले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मूळ रोगच इतका पुढे गेलेला असेल. औषध त्या जंतूला लागू न पडणारेही असू शकते. दुसरी अशी की, इंजेक्शननंतरचा प्रत्येक बिघाड म्हणजे 'जंतू मेल्याची खूण' असे समजून स्वस्थ बसणे हेही तितकेच घातक आहे. औषधाची ॲलर्जी खरोखरच असते. बहुधा ती काही मिनिटांतच दिसते. अंगावर गांधी उठतात, ओठ व चेहरा सुजतो, घसा आवळतो, श्वास लागतो. तिथे औषध तत्काळ थांबवावेच लागते. हा भेद रोग्याच्या नातेवाइकाने करायचा नसतो. तो डॉक्टरांनी करायचा असतो. नातेवाइकाने करायचे ते इतकेच: हाक मारायची, आणि रोग्याला खाटेवरून हलवायचे नाही.

पण हे नातेवाइकाला ठाऊक कसे असणार? माझ्या मते आपल्याकडे खरी उणीव इथे आहे. उपदंशाच्या रोग्याला पेनिसिलिन देताना 'आज रात्री ताप येईल, घाबरू नका' असे आधी सांगावे, हे वैद्यकाच्या पुस्तकांतच लिहिलेले असते. मग जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या म्हातारीच्या मुलाला का सांगू नये? मी हा प्रश्न ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "अगं, आधीच असं सांगितलं तर लोक इंजेक्शनच घेऊ देणार नाहीत. आधीच घाबरलेली असतात." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. भीतीने उपचार नाकारणारे लोक आहेत. पण मला वाटते, सांगून आलेल्या संकटापेक्षा न सांगता आलेले संकट माणसाला अधिक बिथरवते. काकांना जर सात वाजता कुणी म्हणाले असते की, 'दोन-चार तास हिची तब्येत खाली-वर होईल, आम्ही लक्ष ठेवून आहोत', तर नऊ वाजता त्यांनी खाटेचा दांडा घट्ट धरला असता आणि डॉक्टरांची वाट पाहिली असती. माझ्या काकांना मी ओळखते. ते हट्टी आहेत, पण शब्दाला मानणारे आहेत.

त्यातून आपला हा सीमाभाग. चिठ्ठी इंग्रजीत, नर्सबाई कानडी, रोगी मराठी. आणि दुसऱ्या वॉर्डात याच्या नेमके उलट. भाषेवरून आपण सभा भरवतो, मोर्चे काढतो. खाटेपाशी मात्र दोन्ही भाषांतली माणसे सारखीच अडाणी आणि सारखीच एकटी असतात. या आपल्या अंकात एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने कानडी छापले जाते. म्हणून मी ते वाक्य दोन्ही भाषांत इथे लिहून ठेवते. मराठीत: "औषध सुरू झाल्यावर काही तास थंडी-ताप वाढू शकतो. घाबरू नका, औषध सोडू नका, काही वेगळे वाटले तर आम्हांला लगेच सांगा." कानडीत, माझ्या मैत्रिणीने शिकवल्याप्रमाणे: "सूजी माडिद मेले स्वल्प होत्तु चळि-ज्वर हेच्चागबहुदु. हेदरबेडरी, औषध बिडबेडरी, एनादरू आदरे नमगे हेळरी." म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आपल्या कॉलेजातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली नर्सिंगला, फार्मसीला, लॅबोरेटरीच्या कोर्सला जातात. कुणी भाग्यवान मेडिकललाही जातात. मित्रांनो, आपल्याला वर्गात जंतूंची नावे पाठ करायला लावतात, औषधांच्या मात्रा पाठ करायला लावतात. हे वाक्य कुणी पाठ करायला सांगत नाही. ते आपले आपणच पाठ करावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि जे या वाटेला जाणार नाहीत, त्यांनी निदान आपल्या घरी हे सांगावे. कारण दवाखान्यात सही करायला उद्या आपल्यालाच बोलावणार आहेत.

हे सारे काकांना सांगावे की नाही, याचा मी वर्षभर विचार करीत होते. सांगितले तर त्या सुईवरचा आळ निघून काकांवर येणार होता. आईचेही म्हणणे होते, "झालं गेलं, कशाला उकरून काढतेस?" पण काकांच्या सासऱ्यांना मागच्या पावसाळ्यात असाच ताप आला आणि काका त्यांच्या घरी जाऊन 'सुई घेऊ नका' म्हणून सांगून आल्याचे कळले, तेव्हा मला गप्प बसवेना. दिवाळीच्या सुट्टीत एके संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना सारे समजावून सांगितले. लशीने येणाऱ्या तापाचे उदाहरण त्यांना चटकन पटले. आपण तिथेच थांबलो असतो तरी ती वाचली असतीच असे कुणी म्हणू शकत नाही, हेही मी सांगितले, आणि ते खरेच आहे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सुईनं तिचं काम केलं व्हतं म्हण की." मी होय म्हटले. त्यांनी सुपारी तशीच पानात ठेवली आणि मला विचारले, "मग हे तवाच कुणी सांगितलं का न्हाई गं?"